ईश्वरदास कोणाचा माणूस

गोळीबार चौक, नागपूर
९ फेब्रुवारी १९५४

तुरुंगातून सुटल्यापासून रोजनिशी लिहिली नव्हती. तिथे वेळ जात नसे म्हणून लिहायचो. आज बसलो, कारण मनात जे चाललं आहे ते वच्छलेसमोर बोलवत नाही.

दुपारी चौथीचा भूगोल घेत होतो. हेडमास्तरांनी बोलावलं. दारात तारवाला. तार बहरीनहून, चंद्रभानची. हा चंद्रभान भिवापूरचा, आमच्या मुलाबरोबर, ईश्वरदासबरोबर तिथे फिटर आहे. इंग्रजीत मोजकेच शब्द होते. ईश्वरदासच्या लॉरीखाली माणूस मेला, पोलिसांच्या ताब्यात आहे, पत्र पाठवतो.

घरी आलो तेव्हा वच्छला मागावर होती, लुगड्याची किनार चालली होती. मी तार वाचून दाखवली. तिने सुताचा धोटा हातातच धरून ठेवला.

“ईश्वरले लागलं काय?”

“तारेत तसं काही नाई.”

“मंग जिता हाय,” ती म्हणाली, आणि धोटा खाली ठेवून चुलीकडे गेली. चहा केला. माझ्या चहात साखर टाकायची विसरली. मीही मागितली नाही.

१० फेब्रुवारी

शाळेत रजा टाकली. तिथे जाऊन तरी काय शिकवणार होतो?

ईश्वरदास आता सत्तावीस वर्षांचा. सत्तेचाळीसच्या मार्चमध्ये मुंबईच्या एका एजंटामार्फत बहरीनला गेला. तेल काढणाऱ्या मजुरांच्या छावणीत पाण्याची टाकी घेऊन जाणारी लॉरी चालवतो. पाच महिने थांबला असता तर त्याच्या पासपोर्टावर राजाचा मुकुट नसता. तेव्हाही मी हेच म्हणालो होतो. तो हसून म्हणाला, “बाबा, मुकुट पासपोर्टावर आहे, डोक्यावर नाई.”

मोटारीचं वेड त्याला त्रेचाळीसमध्ये लागलं, मी आत असताना. महाल भागात कोणाच्या तरी ड्रायव्हरपाशी शिकला म्हणे. कोणाच्या, ते मला कधी नीट कळलं नाही. सुटून आल्यावर वच्छलेला विचारलं होतं. ती म्हणाली, “शिकला, दोन वक्त जेवला, आनखी काय पायजे?” खरंच, आणखी काय पाहिजे होतं. त्या दिवसांत ज्याने कोणी माझ्या पोराला जेवू घातलं त्याचं देव भलं करो.

१८ फेब्रुवारी

चंद्रभानचं पत्र आलं. इथे उतरवून ठेवतो, म्हणजे मलाच नीट समजेल.

संध्याकाळी सूर्य समोरून डोळ्यांवर होता. वळणावर गाढवावर पाणी विकणारा एक माणूस आडवा आला. नाव सालेम. ईश्वरदास पळाला नाही. त्याने त्याला उचलून लॉरीत घातलं, क्लीनरला गाडी चालवायला बसवलं आणि दवाखान्यापर्यंत त्याचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेऊन बसला. दवाखान्याच्या फाटकाशी माणूस गेला.

आता भांडण खटला कोणी चालवायचा याचं आहे. मेलेला माणूस तिथल्या शेखाची प्रजा, म्हणून त्याचे चुलते म्हणतात की शेखाच्या कोर्टात चालवा. परदेशी माणसांचे खटले तिथे इंग्रजांचा पोलिटिकल एजंट चालवतो. पण एजंटाच्या कचेरीतला कारकून म्हणतो, ह्याचा पासपोर्ट जुना, त्यावर ‘ब्रिटिश प्रजा’. ते राज्य गेलं. हा आता नव्या हिंदुस्थानचा आहे की कोणाचाच नाही, हे कळल्याशिवाय कागद पुढे सरकणार नाही. आणि हिंदुस्थान सरकारचं तिथे ऑफिसच नाही. आपल्या लोकांचं कामही आपल्या सरकारच्या वतीने इंग्रजच पाहतात.

हे वाक्य मी तीनदा वाचलं. आपल्या लोकांचं कामही इंग्रजच पाहतात.

मग आम्ही बेचाळीसमध्ये काय केलं?

१९ फेब्रुवारी

सकाळी बसून दिल्लीला अर्ज लिहिला. चार पानं झाली. त्यात स्पष्ट लिहिलं की प्रजासत्ताकाच्या नागरिकावर परक्या देशात इंग्रज अधिकाऱ्याने खटला चालवणे हा राष्ट्राचा अपमान आहे, तो अधिकार आम्ही मानत नाही, आणि भारत सरकारनेही मानू नये. लिहून झाल्यावर फार दिवसांनी छाती भरून आली. वच्छला सूत आणायला निघाली होती. वाटेत डब्यात टाक म्हणून पाकीट तिच्याजवळ दिलं.

तिने विचारलं, “ह्यात काय लिवलं?”

मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पाकीट पदरात बांधलं. सूत घेऊन यायला तिला आज बराच उशीर झाला.

२२ फेब्रुवारी

कोर्टात तीन वकिलांना विचारलं. तिघांनीही एकच नाव सांगितलं. दुसऱ्या राज्यात कोणाचा कायदा कोणावर चालतो, हे नागपुरात एकाच माणसाला ठाऊक: महालातले गिरिधरराव पोतनीस.

गिरिधररावांना मी ओळखतो. बेचाळीसच्या खटल्यात ते सरकारी वकील होते. त्यांनी माझ्यासाठी दोन वर्षं मागितली, दीड मिळाली. मी कोर्टात एकच वाक्य बोललो होतो, ‘हे कोर्ट मी मानत नाही,’ आणि ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले होते. त्यानंतर बारा वर्षांत मी त्यांच्या गल्लीतून गेलो नाही.

घरी येऊन म्हणालो, “त्यांच्या दारात मी जाणार नाई.”

वच्छला म्हणाली, “नोका जाऊ. मी जातो.”

मग मीही निघालो. गंमत म्हणजे महालाच्या बोळांत माझंच दोनदा चुकलं. वच्छला सरळ चालत गेली आणि निंबाच्या झाडापासून डावीकडे वळली. बायकांना दिशा बरोबर कळते.

गिरिधरराव आता म्हातारे झाले आहेत, डोळ्याला भिंग लावून वाचतात. टेबलावर जाड पुस्तकं आधीच उघडी होती. मी हात जोडले. त्यांनीच म्हटलं, “बसा, बाबनराव. ईश्वरच्या कामासाठी आलात ना?”

मोठ्या वकिलांना गावातली बातमी आधी कळते, हे ऐकून होतो. आज पाहिलं.

मी माझं म्हणणं सांगितलं: इंग्रजाचा अधिकार नाकारायचा. ते शांतपणे म्हणाले, “तुमचा मसुदा जोरकस आहे. पण मला सांगा, एजंटाचा अधिकार नाही असं आपण सिद्ध केलं, तर मुलगा कोणाच्या हवाली होईल?”

“आपल्या सरकारच्या.”

“आपलं सरकार तिथे नाही. एजंट बाजूला झाला तर उरतं शेखाचं कोर्ट. तिथला काझीही न्यायच करील, मी त्याला नावं ठेवत नाही. पण तो कोणत्या कायद्याने करील, हे मला ठाऊक नाही. एजंटाच्या कोर्टात मात्र अजून आपलाच पीनल कोड चालतो. हयगयीने गाडी चालवून मृत्यू, कलम तीनशे चार अ. जास्तीत जास्त दोन वर्षं. जो कायदा मला येतो, त्या कायद्याखाली मुलगा असावा, एवढीच माझी इच्छा आहे.”

‘माझी इच्छा’ म्हणाले. वकिली बोलण्याची ही एक तऱ्हा असावी.

मग त्यांनी समजावलं. आधी ईश्वरदास भारताचा नागरिक आहे हे दाखवायचं. त्याचा पासपोर्ट काहीही म्हणो, घटना सांगते की ज्याचं कायमचं घर इथे, तो इथला. तो सात वर्षं बाहेर आहे, तरी त्याचं घर कुठलं? परत येण्याचा त्याचा इरादा होता हे कशावरून? ते वच्छलेकडे वळले. “तुम्ही सांगा, वच्छलाबाई.”

ती म्हणाली, “दरसाली लिहितो, माय, मागाच्या खोलीचे कवेलू मी आल्यावर बदलीन, तू दुसऱ्याले हात लावू देऊ नोको. दर पावसाळ्यात मी टोपले ठेवून राहिली, पन कोनाले वर चढू दिलं नाई.”

गिरिधररावांनी कारकुनाला हाक मारली आणि इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. आमच्या छपराचे गळके कवेलू पहिल्याच परिच्छेदात आले.

त्यांच्या पत्नी यमुताईंनी चहा आणला. त्या मला म्हणाल्या, “काळजी करू नका. ईश्वर पहिल्यापासूनच हळवा. मुद्दाम कोणाला इजा करणारा नाही.” आईच्या मनाने बोलल्या. न पाहिलेल्या पोराबद्दल इतकी खात्री बायकांनाच वाटू शकते.

फीचं विचारलं तर म्हणाले, “या विषयावर काम करायला मिळत नाही हो नागपुरात.” विद्येची आवड असलेला माणूस. मी त्यांना बारा वर्षं फक्त सरकारी वकील समजत होतो.

२४ फेब्रुवारी

मधुकरराव आले. तुरुंगात आम्ही एकाच बराकीत होतो. त्यांना कुठून तरी कळलं होतं.

“तू इंग्रजाच्या कोर्टाला अर्ज करून राहिला म्हणते. खरं काय?”

“खरं आहे.”

“आन् तोही त्या पोतनिसाकडून? ज्याने आपल्याले आत टाकलं?”

मी मान डोलावली. ते म्हणाले, “बाबन, माणूस एकदा वाकला का मंग वाकतच जाते. पोरगा तुझा आहे, मले समजते. पन आपन काय बोललो होतो ते आठव.”

आतून वच्छला बाहेर आली. तिच्या हाताला सुताची खळ लागली होती. “मधुकरभाऊ,” ती म्हणाली, “तुमी दोघं आत होते तवा आमी बाहेर होतो. बाहेर काय चाललं होतं ते तुमाले कोनी सांगितलं नाई. चहा घेता काय?”

मधुकररावांनी चहा घेतला.

२६ फेब्रुवारी

आज मॅजिस्ट्रेटसमोर प्रतिज्ञापत्र झालं. सोबत पोलिटिकल एजंटाच्या नावे विनंती. त्यात एक वाक्य होतं, अर्जदार सदर न्यायालयाचा अधिकार मान्य करतो.

पेन हातात घेऊन मी किती वेळ बसलो, मला ठाऊक नाही. मला ती सही करायची नव्हती. हे मी इथे लिहितो, कारण खरं आहे. पोरगा कोठडीत असताना बापाला स्वतःचं एक जुनं वाक्य सोडवत नव्हतं. याला तत्त्व म्हणायचं की हट्ट, मला अजून कळत नाही.

गिरिधरराव शेजारी उभे होते. त्यांनी वाकून हळूच सांगितलं, “बाबनराव, त्या दिवशी तुम्ही ते वाक्य बोललात, तेव्हा ते खरं होतं. मी तेव्हाही तसंच समजलो होतो. आज सही केल्याने ते खोटं होत नाही.”

मी सही केली. ते खिडकीकडे जाऊन भिंग पुसत राहिले. म्हातारपणी डोळ्यांना पाणी फार येतं.

कागद विमानाच्या टपालाने गेले, एक प्रत दिल्लीला, एक बहरीनला.

१५ मार्च

दिल्लीहून उत्तर आलं. परराष्ट्र मंत्रालयाचा कागद, खाली कोणा अधिकाऱ्याची सही, नाव नीट लागत नाही. मजकूर असा की दाखल पुराव्यांवरून ईश्वरदास बाबनराव हेडाऊ यांस भारताचे नागरिक मानण्यात येत आहे, तसे ब्रिटिश हाय कमिशनमार्फत बहरीनला तारेने कळवले आहे, आणि त्यांना कायद्याचे योग्य साहाय्य मिळावे अशी विनंती केली आहे.

शाळेत सगळ्या मास्तरांना दाखवला. सात वर्षांपूर्वी या देशाला स्वतःचा कागद नव्हता. आता गोळीबार चौकातल्या एका कोष्ट्याच्या पोरासाठी दिल्लीतला कोणी माणूस खुर्चीत बसून तार लिहितो. तो मला कधी भेटणार नाही. त्याच्या हातून अशीच चांगली कामं होवोत.

माझ्या पहिल्या अर्जाचं मात्र अजून उत्तर नाही. तसं मी बोलून दाखवलं. वच्छला म्हणाली, “गहाळ झाला असन. सरकारात लई कागद राह्यते.”

१९ मार्च

होळी. चौकात पोरांचा दंगा. आम्ही नैवेद्य दाखवला, पुरण घातलं नाही. संध्याकाळी यमुताईंकडून पुरणपोळ्यांचा डबा आला. आमच्या घरी पुरण होणार नाही, हे त्यांना कसं सुचलं असेल? वच्छलेने डबा धुऊन त्यात कोथिंबिरीची सांबारवडी भरून परत पाठवला. दोघींचं बरं जमलं आहे इतक्या थोड्या दिवसांत.

४ एप्रिल

पाडवा. गुढी उभारावी की नाही यावर आमचं बोलणं झालं. वच्छला म्हणाली, “काहून नाई? सन आपला हाय, खटला थोडाच सनाचा हाय.” गुढीला तिने मागावरचं नवं लुगडं नेसवलं.

चंद्रभानचं पत्र आलं: खटला एजंटाच्याच कोर्टात चालणार. ईश्वरदास बरा आहे, पण जेवत नाही. सालेमचं नाव घेऊन झोपेत बोलतो.

मला सुटकेचा आनंद झाला आणि लगेच लाज वाटली. इथे मी कोर्ट आपलं की त्यांचं यात अडकलो होतो. तिथे एका घरात माणूस नाही, हे माझ्या अर्जांत कुठेच आलं नव्हतं.

१७ एप्रिल

तार. चार महिने, अटकेच्या दिवसापासून धरून. त्यानंतर परत पाठवणी. म्हणजे जूनमध्ये घरी.

वच्छला तारेचा कागद घेऊन मागावर जाऊन बसली. तिला वाचता येत नाही. तरी बराच वेळ तो बघत होती. मी गिरिधररावांकडे धावलो. ते ओसरीवर होते. ऐकलं आणि आत वळून मोठ्याने म्हणाले, “अहो, सुटला आपला ईश्वर.” यमुताई आतून आल्या आणि मलाच कुंकू लावायला निघाल्या, मग भानावर येऊन हसल्या.

इतक्या मोठ्या घरच्या लोकांनी आमचा आनंद आपला मानला. मी काय पुण्य केलं होतं?

१२ जून

ईश्वरदास आला.

गाडीला उशीर होता. उन्हाने फलाट तापला होता. तो उतरला तेव्हा मी दुसऱ्याच डब्याकडे बघत होतो. वच्छलेने आधी ओळखला. वाळला आहे, कानाजवळचे केस पांढरे झाले आहेत. माझ्या पायाला हात लावला, मी त्याला धरलं. वच्छला म्हणाली, “चाला, घरी चाला, ऊन लई हाय.”

घरी येऊन पाणी प्यायला. वर बघितलं आणि म्हणाला, “माय, कवेलू तसेच आहे वं.”

“तूच म्हनला होता ना.”

जेवला, मग संध्याकाळपर्यंत झोपला. मी शेजारी बसून वारा घालत होतो. शाळेला सुट्टी आहे, हे बरं झालं.

१४ जून

गिरिधररावांकडे गेलो तिघंही. मी काटोलच्या एका माजी विद्यार्थ्याकडून आलेलं संत्र्याचं सरबत नेलं होतं. वच्छलेने यमुताईंसाठी लुगडं विणलं आहे, गर्द हिरवं, लाल किनारीचं. तिने ते कधी लावलं, कधी उतरवलं, मला पत्ता नाही.

ईश्वरदासने वाकून नमस्कार केला. गिरिधररावांनी त्याला खांद्याला धरून उभं केलं आणि भिंग डोळ्याला लावून त्याचा चेहरा पाहिला. ईश्वरदासने पहिलं काय विचारावं? “काका, फोर्ड विकली काय?”

“विकली रे. एकोणपन्नासला. क्लच तसाच होता शेवटपर्यंत.”

दोघंही हसले. आमच्या पोराला गाड्यांचा असा नाद आहे, शहरात कोणाकडे कोणती मोटार होती हे अजून लक्षात आहे. आणि मोठ्या माणसाला एकदम काका म्हणाला. मी दटावणार होतो, पण गिरिधररावांना राग आलेला दिसला नाही.

निघताना मी म्हणालो, “तुमचे उपकार कसे फेडू? तुमची आमची ओळख ती काय, बेचाळीसच्या खटल्यापुरती.”

ते वच्छलेकडे बघून म्हणाले, “तेवढीच, बाबनराव. तेवढीच.”

वाटेत ईश्वरदास मायला काही विचारत होता. मी जवळ गेलो तसे दोघं गप्प झाले. आईलेकाचं काही असेल. मी विचारलं नाही.

२० जून

आज पोराने खटल्याचं सांगितलं. आपणहून सांगितलं. कवेलू काढायला वर चढला होता, मी खालून हातात देत होतो. तिथूनच बोलायला लागला. खाली माझ्याकडे न बघता बोलणं त्याला सोपं गेलं असावं.

“साहेबाने विचारलं, गुन्हा कबूल? वकिलाने सांगितलं होतं का नाई म्हन, सूर्य डोळ्यांवर होता म्हन. सूर्य होताच, बाबा. पन वळन मले ठाऊक होतं. रोजचा रस्ता. गाडी हळू करायले पायजे होती. मी केली नाई. तेच सांगितलं.”

“मग?”

“मंग सालेमच्या मायले बोलावलं. अंगभर काळी चादर घेऊन आली. तिचे दीर मागं उभे. त्याहीचं म्हननं होतं का ह्याले आमच्याकडे द्या. साहेबाने दुभाष्याकडून विचारलं, बाई, तुमचं काय म्हननं? ती मले पाहत होती. मी मान खाली घातली. ती दोनच वाक्यं बोलली. दुभाष्याने हिंदीत मले सांगितलं.”

“काय म्हणाली?”

वरून कवेलू सरकवण्याचा आवाज थांबला. “म्हने, माझा मुलगा रस्त्यावर मेला नाही, माणसाच्या मांडीवर मेला. ह्या माणसालाही आई असेल, त्याला तिच्याकडे जाऊ द्या.”

मी शिडीला धरून उभा होतो. दारात वच्छला होती, तिनेही ऐकलं.

बारा वर्षांपूर्वी मी कोर्टात एक वाक्य बोलून गप्प बसलो, आणि त्याचा मला आजवर अभिमान आहे. पोरगा कोर्टात सगळं बोलला. दोन्हीतलं अवघड कोणतं, ते मी आता सांगू शकत नाही. एवढं मात्र कळलं की मी दोन महिने कोर्ट कोणाचं यावर डोकं फोडत होतो आणि माझ्या मुलाला जिने सोडवलं, ती कोणत्याच कोर्टाची नव्हती.

८ जुलै

शाळा सुरू झाली. ईश्वरदासला इतवारीत एका मोटार गॅरेजमध्ये काम मिळालं. गाडी दुरुस्त करतो, चालवत नाही. मालकाने विचारलं तर म्हणाला, थोडे दिवस जाऊ द्या.

मागाच्या खोलीत यंदा एकही टोपलं ठेवावं लागलं नाही. वच्छलेने मागावर काळं सूत लावलं आहे. पूर्ण काळं, किनारही काळी. कोष्ट्याच्या घरी असं कापड मी कधी पाहिलं नव्हतं. शेजारच्या बायांनी विचारलं तर म्हणते, “ऑर्डर हाय.”

मला तिने खरं सांगितलं. “तिकडच्या बाया काळंच घेते म्हनते. आपल्याले दुसरं काय येते? हेच येते.”

किनारीत तिने काळ्यावर काळीच वेल काढली आहे. लांबून दिसत नाही. उजेडात धरली की दिसते.

११ ऑगस्ट

आज चादर पाठवली.

मोमिनपुऱ्यातल्या मौलवी साहेबांकडे पत्ता अरबीत लिहून घ्यायला आम्ही तिघंही गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चादरीवरून एकदा हात फिरवला. मग दौत पुढे ओढून विचारलं, “बाईंचं नाव काय?”

ईश्वरदासला ठाऊक नव्हतं. “तिथं बाईले नावानं नाई हाकारत. मोठ्या पोराच्या नावानं हाकारते. सालेमची माय.”

मौलवींनी तसंच लिहिलं. उजवीकडून डावीकडे जाणारी ती अक्षरं वच्छला लक्ष देऊन पाहत होती.

पोस्टात पार्सल वजनाला लागलं. कारकून तरुण होता. त्याने विचारलं, “विक्रीचा माल काय?”

“नाही.”

“मग काय लिहू? परदेशी पार्सल आहे, काहीतरी लिहावं लागते.”

“भेट लिहा,” मी म्हणालो.

“आणि पाठवणाऱ्याचं नाव?”

मी नाव सांगायला तोंड उघडलं: बाबनराव हेडाऊ, शिक्षक, नगरपालिका शाळा. गेल्या सहा महिन्यांत इतक्या कागदांवर लिहिलं होतं की ओठांवरच होतं. तेवढ्यात वच्छला पुढे झाली. पोस्टाच्या खिडकीशी ती आजवर कधी बोलली नव्हती.

“तिचं तसं लिवलं तं माझंही तसंच लिवा भाऊ,” ती म्हणाली. “ईश्वरदासची माय. गोळीबार चौक, नागपूर.”

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने लिहिलं, वाचून दाखवलं आणि शिक्का मारला.